बीपीची गोळी

शिवराजचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. बरोबर साडेपाच, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी ते पडलं होतं आणि त्यात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस.

"बंद बी पडत नाय अन् बरोबर बी चालत नाय," सरूबाई खीर ढवळत म्हणाल्या. "छावणीतल्या दुकानात दाखवून आणा म्हणावं कुणीतरी. एवढं महागाचं घड्याळ."

"ते मुद्दाम तसं ठेवतात, आई," सून प्रेरणा म्हणाली. "सगळे वैमानिक ठेवतात. जगभर एकच वेळ धरली म्हणजे घोटाळा होत नाही."

"मंग घरी आल्यावर तरी घरची येळ लावावी का नाय?"

जामिनावर सुटून आल्या दिवशी शिवराजनं घड्याळ काढून तिथे ठेवलं होतं. त्यानंतर तो त्याच्याकडे बघतही नव्हता.

आज सरूबाईंच्या सासऱ्यांचं पित्तर होतं. दर वर्षी पडेगावच्या या घरात पस्तीस पानं उठायची. यंदा सकाळपासून फोनच येत होते. एकाकडे पाहुणे आले होते, एकाचा ट्रॅक्टर नादुरुस्त होता, आणि दौलताबादच्या थोरल्या नणंदेचा गुडघा दुखत होता.

"गुडघा गेल्या साली बी दुखतच व्हता," सरूबाई म्हणाल्या. "तीन वाट्या खीर वरपली तवा गुडघा कुठं आडवा आला नाय."

प्रेरणा हसली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच. मग हसल्याबद्दल अपराधी वाटून ती पुन्हा कढीकडे वळली.

एकोणीस दिवसांपूर्वी सरूबाई चिकलठाणा विमानतळाच्या बाहेर पेढ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा, तनुजाचा साखरपुडा होता आणि शिवराज त्यासाठी हैदराबादहून येत होता. सुट्टीवर होता. कंपनीचंच विमान, म्हणून वैमानिकांच्या मागची घडीची तिसरी खुर्ची त्याला मिळाली होती. निम्मा प्रवास झाल्यावर त्यानं पट्टा सोडला, उठून उभा राहिला आणि डोक्यावरच्या पॅनेलमधला लाल दांडा ओढायला लागला. उजव्या इंजिनाला आग लागली तर त्याचं इंधन तोडणारा तो दांडा. सहवैमानिकानं त्याचं मनगट धरलं. अकरा सेकंद झटापट झाली. दांडा पूर्ण बाहेर आला नाही. मग शिवराजचं अंग एकदम सैल पडलं. त्याला मागच्या रांगेत दोन माणसांच्या मध्ये बसवलं आणि विमान चिकलठाण्याला उतरवलं. चौसष्ट माणसं, कुणाला खरचटलंही नाही. सरूबाईंना आधी आगीचे बंब दिसले, मग पोलीस, आणि त्यांच्या मधोमध चालणारा आपला मुलगा.

का, ते त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांनाही दोनच शब्द: चूक झाली.

विमान खात्याच्या नोटिशीला उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि तेच उत्तर पुढे कोर्टातही जाणार होतं. शिवराजच्या वडिलांनी, कारभारीअण्णांनी, तीन दिवस बसून ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. सर्दीच्या गोळ्या जास्त झाल्या, भोवळ आली, आधारासाठी हात वर गेला. हे मान्य झालं तर वर्ष-दोन वर्षांनी का होईना, शिवराज पुन्हा उडू शकला असता. तनुजाच्या होणाऱ्या सासऱ्यांनीही निरोप धाडला होता: कागदावर असं असेल तर आमची हरकत नाही. आता फक्त शिवराजची सही हवी होती. तो नाहीही म्हणत नव्हता आणि सहीही करत नव्हता.

प्रेरणानं दाराकडे एकदा पाहिलं आणि पदराआडून गोळ्यांचं एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं.

"आई, हे त्याच्या बॅगेच्या अस्तरात सापडलं. चिठ्ठीवर नाव दुसरंच आहे. खोटं नाव सांगून डॉक्टरकडे गेला होता."

"कशाच्या हायेत?"

"डोक्याच्या. मनाच्या म्हणा. झोप येत नव्हती त्याला. सात महिन्यांपूर्वीची तारीख आहे." तिनं पाकीट उलटं केलं. "दहाच्या दहा आहेत बघा. एकसुद्धा खाल्ली नाही. रक्तात सापडली तर लायसन्स जाईल म्हणून."

सरूबाईंनी गोळ्या बोटानं एकेक चाचपल्या. त्यांची नजर नकळत वरच्या फळीवर गेली. तिथे एक पितळी डबी होती. त्या डबीतली एक गोळी रोज जेवणानंतर गुळाच्या खड्याबरोबर त्या धाकट्या दिराच्या हातावर ठेवत आल्या होत्या. अडतीस वर्षं. घरात तिला बीपीची गोळी म्हणत.

"ह्यांना दावलीस का?"

"अण्णांना? नाही."

"नको दावू," सरूबाई म्हणाल्या. थोडा वेळ खीर ढवळत राहिल्या. "म्हंजी, आत्ताच नको. जेवणं होऊ दे."

*

अंगणात कारभारीअण्णा चष्मा पुसत बसले होते. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण पडेगावात अजून कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो त्यांच्याकडे यायचा. त्यांनी भरलेला कागद कुठल्याही कचेरीतून कधी परत आला नव्हता. शिवराज अठरा वर्षांचा असताना वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीचा पहिला फॉर्मही त्यांनीच भरला होता, चार पानी, एकही खाडाखोड नसलेला.

फाटकातून कडुबा आला. डोक्यावर सीताफळांची पाटी होती.

"दादा, आज चांगली उतरलीत फळं. अनिसाच्या आईसाठी दहा काढून ठिवलीत."

"मागच्या दारानं जा," अण्णा म्हणाले. "वकील यायच्यात. आज जरा आतच ऱ्हा."

कडुबा थांबला. अण्णांचा धाकटा भाऊ, बासष्ट वर्षांचा, वाळलेल्या अंगाचा माणूस. दौलताबाद रस्त्यावरची सीताफळाची दोनशे झाडं त्यानं एकट्यानं वाढवली होती.

"पित्तर माझ्या बी बापाचं हाय, दादा."

"तसं नाय रे म्हणलो."

"बरं," कडुबा म्हणाला, पण मागच्या दारानं गेला नाही. पाटी ओट्यावर उतरवून तिथेच बसला.

अनिसा स्कूटरवरून आली. छावणीतल्या मुख्तारभाईंची मुलगी, शिवराजची वकील. मुख्तारभाई आणि अण्णा एका बाकावर शिकले होते, अनिसा आणि शिवराजही एकाच शाळेत. तिनं स्कार्फ सोडला आणि उभ्या उभ्याच अण्णांचा कागद वाचला.

"चाचा, अक्षर क्या है तुमचं! मोती." तिनं कागद घडीवर घडी घालून परत दिला. "पण हे मी नाही देऊ शकत."

"का? काय चुकलं?"

"भोवळ आलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. शिवराजनं दोन इंजिनांतून नेमका उजव्याचा दांडा धरला. आणि धरायच्या आधी बोलला तो. विमानात आवाजाची नोंद होते, चाचा. मी काल ऐकली."

"काय बोलला?"

"'उजवं इंजिन, आग.' दोनदा. एकदम शांत. ट्रेनिंगमध्ये शिकवतात ना, तसं. आणि इंजिन तर ठणठणीत होतं."

अण्णांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "मंग आता?"

"मग खरं काय झालं ते लिहायचं. आजार असेल तर आजार. इलाज चालू आहे म्हणून दाखवायचं. कोर्ट आजारी माणसाकडं वेगळं बघतं, खोटं बोलणाऱ्याकडं वेगळं."

"अन् त्याचं उडणं?"

अनिसानं खोटा धीर दिला नाही. "ते जाईल. बहुतेक कायमचं."

"मंग तो करील काय गं? लहानपणापासून एकच त्याच्या डोक्यात. घरावरून इमान गेलं की जेवता जेवता ताटावरून उठायचा. शाळेतल्या मास्तरांना मी हातापाया पडून सांगितलेलं, खिडकीजवळ बसवू नका त्याला."

"मला माहीत आहे, चाचा. त्या बाकावर मग मला बसवलं."

ओट्यावर कडुबा खुदकन हसला. अण्णांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

*

पानं आठच मांडली. सात माणसांची आणि एक पितरांचं. तनुजा वाढत होती, आणि तिला दिसलं की दादा भाताचे छोटे छोटे ढीग करतोय, मोडतोय आणि पुन्हा करतोय.

तनुजा छावणीतल्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. आकड्यांवर तिचा विश्वास होता आणि बोलण्यावर कमी. सात वर्षं दर तीन महिन्यांनी ती काकाचं रक्त घेत होती. बीपीचं रक्त, असं आई म्हणायची. अहवालावर एकच आकडा यायचा, लिथियम, बहुतेक वेळा शून्य पूर्णांक सात. ते औषध मनाच्या कुठल्या आजारावर देतात हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ती अहवालाची घडी घालून आईला द्यायची आणि म्हणायची, बीपी बरोबर आहे.

"चाचा," अनिसा कढी पिता पिता म्हणाली, "नोटिशीच्या फॉर्मातला एक रकाना विचारायचा राहिला. घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का?"

"नाय."

"नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? अठरा साल झाले, तेच लिवतोय. 'नाही. चुलत्यास रक्तदाब.'"

कडुबानं वड्याचा तुकडा मोडला, खीर लावून खाल्ला, नीट चावला.

"दादा," तो म्हणाला, "अडतीस साल त्या डॉक्टरकडं जातोय मी. त्यानं एकदा बी माझ्या दंडाला पट्टा बांधला नाय."

खीर वाढता वाढता तनुजा थांबली. हसू आणि रडू यांतलं नेमकं काय येतंय ते तिला कळेना.

"कडुबा, गप जेव."

"जेवतोच की. कसला बीपीचा डॉक्टर हाय म्हणावं, पट्टा बी नाय त्याच्याकडं! मी म्हणायचो, जाऊ दे. घरात बीपी म्हणत्यात तर बीपी."

"तवा आजार कोण म्हणत व्हतं?" अण्णांचा आवाज चढला. "बाहेरचं म्हणत व्हते! तू किल्ल्यावर बारादरीत दोन दिवस बसला, खालचं सगळं गाव माझ्याशी बोलतंय म्हणून. आम्ही खुलताबादला दर्ग्यात नेलं. चाळीस गुरुवार केले. मी खोटं लिवलं नाय, फॉर्मात आजार इचारला व्हता. बाहेरचं कुठं इचारलं व्हतं?"

"आणि गोळी सुरू झाल्यावर, अण्णा?" तनुजानं विचारलं.

"गोळीला कायतरी म्हणावं लागतंय ना! बाया इचारायच्या. दोन बहिणी उजवायच्या व्हत्या. अन् आता तू हायेस. कुणासाठी लपवलं मी? माझ्यासाठी?"

"ह्यांना काय बोलू नगा रे," कडुबा म्हणाला. "लई केलं दादानं माझ्यासाठी. फक्त माझं लगीन तेवढं होऊ दिलं नाय."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की अण्णांचा हात पानावरच थांबला.

"मी देते ती गोळी." सरूबाई दारात उभ्या होत्या. सासू होईपर्यंत त्या पुरुषांच्या पंगतीत बोलल्या नव्हत्या, आणि झाल्यावरही फार नाही. "लग्नानंतर दोन सालांनी हातात दिली तुम्ही माझ्या. कशाची म्हणून मी कधी इचारलं नाय, पण मला ठाऊक हाय. गोळी लागू झाली अन् दोन महिन्यांनी हा माणूस पह्यल्यांदा रातभर झोपला. मी सकाळी उठवाया गेले तर घोरत व्हता. वाटलं साखर वाटावी." त्यांनी प्रेरणाकडे पाहिलं. "आण गं ते."

"आई..."

"आण. आता जेवणं झालीच म्हणायची."

प्रेरणानं पाकीट आणून पंगतीच्या मधोमध ठेवलं. शिवराजनं ते ओळखलं. त्याचे कान लाल झाले.

"माझ्या बॅगेला हात लावलास तू?"

"हो," प्रेरणा म्हणाली. "लावला. सात महिने नाही लावला, त्याचंच वाईट वाटतंय."

"प्रेरणा, तू बी त्यांच्यातली?" अण्णा म्हणाले. हा कागद तयार होताना चहा करून देणारी सून आपल्या बाजूची आहे असं ते तीन दिवस समजत होते.

"मी त्याच्या बाजूची आहे, अण्णा. तो जिवंत राहावा, एवढंच माझं म्हणणं."

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. शेवटची आशा तीच होती. "तने, तू सांग ह्यांना. तुझं लगीन मोडंल. माऊलीचा बाप काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

तनुजानं पातेलं खाली ठेवलं. "माऊलीला मी काल सांगितलं, अण्णा. दादाचं. आणि काकाच्या गोळीचं पण."

"काय?"

"त्यानं एकच विचारलं, काका किती वर्षं बरे आहेत. मी म्हटलं, अडतीस. मग म्हणाला, रविवारी येतो. त्याचे वडील येतील का, ते मला माहीत नाही."

अनिसानं बोट चाटलं आणि हळूच म्हटलं, "चाचा, त्या डॉक्टरकडं काकाला पहिल्यांदा कुणी नेलं, ठाऊक आहे ना? अब्बूंनी. सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून. मला सगळं माहीत होतं. पण ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं. मी लिहिलं असतं तर तुम्ही मला कधी माफ नसतं केलं."

*

कडुबा हात धुऊन आला आणि शिवराजच्या शेजारी, पुसलेल्या ओल्या फरशीवरच बसला.

"किती दिस झाले झोपला नव्हतास?"

"तेव्हा? चार रात्री." शिवराजचा आवाज बसलेला होता. "आधीपण नीट नाहीच. दोन तास, तीन तास."

"मला बी तसंच व्हायचं. लई हुशार झाल्यागत वाटायचं. सगळ्यांना जे दिसत नाय ते आपल्यालाच दिसतंय."

शिवराजनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुला काय दिसत व्हतं?" कडुबानं विचारलं. हवापाण्याचं विचारावं तसं.

"दिसत नव्हतं. ऐकू येत होतं." शिवराज म्हणाला. "इंजिनाला आग लागली की घंटा वाजते, काका. ती वाजत होती. आणि ते दोघं नुसते बसले होते. एक जण पाणी पीत होता. मी दोनदा सांगितलं. मला वाटलं, हे असेच बसले तर सगळे मरतील. मी... मी सगळ्यांना वाचवत होतो."

प्रेरणानं तोंडावर हात घेतला.

"माझं मनगट धरलं ना त्यानं, तेव्हा त्याच्या तोंडाकडं पाहिलं मी. तो घाबरला होता. आगीला नाही, मला. तेव्हा कळलं."

"अजून येती का ऐकू?"

"परवा आली. कुकरची शिट्टी झाल्यावर."

"येईल अजून थोडे दिस," कडुबा म्हणाला. "गोळी लागू व्हायला टाईम लागतो. पह्यल्यांदा तोंड कोरडं पडतं, हात थरथरतो. माझ्या हातून कपबशा फुटायच्या, वैनीला इचार. मग एक दिस सकाळी उठलो अन् भूक लागली व्हती. बस. तेवढंच झालं. त्याच साली पह्यलं झाड लावलं."

"पण तू विमान नव्हतास उडवत, काका."

"नाय बा," कडुबा म्हणाला. "मी लाईनीवर वायरमन व्हतो. खांबावर चढायचो. ते सोडलं. लई आवडायचं मला खांबावर, वरून सगळा मुलूख दिसायचा." त्यानं गुडघ्यावर हात टेकला. "सोडताना लई रडलो. खोटं कशाला सांगू?"

कारभारीअण्णा हे सगळं दूरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. धाकटा भाऊ खांबावर चढायचा, हे ते विसरूनच गेले होते. त्यांना आठवत होता फक्त नंतरचा कडुबा, ज्याला सांभाळायचं आणि ज्याच्याबद्दल बोलायचं नाही. सांभाळलं मात्र नीट, असं त्यांना वाटत आलं होतं. आता पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की अठरा वर्षांपूर्वी त्या रकान्यात खरं लिहिलं असतं, तर झोप उडाली त्या पहिल्या महिन्यात पोरगं खोटं नाव घेऊन परक्या डॉक्टरकडे गेलं नसतं. घरी आलं असतं. काकाजवळ बसलं असतं, आत्ता बसलंय तसं.

ते उठले. तीन दिवस खपून लिहिलेला कागद त्यांनी चार तुकडे करून चुलीजवळच्या सरपणात टाकला. कपाटातून कोरे ताव काढले, त्यांच्याखाली पुठ्ठा घेतला आणि शिवराजच्या समोर येऊन फरशीवर मांडी घातली. गुडघे कुरकुरले.

"अण्णा, खुर्चीवर बसा ना," तनुजा म्हणाली.

"असू दे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. "अनिसा, आधी घराण्याचं लिवतो. 'माझे धाकटे बंधू कडुबा यांना अडतीस वर्षांपासून मानसिक आजार असून, उपचारांनी ते पूर्ण बरे आहेत. ही माहिती पूर्वी मी लपवली.' चालंल?"

"चालेल, चाचा."

"लपवली म्हणू, का राहून गेली म्हणू?"

अण्णांनी स्वतःच मान हलवली आणि 'लपवली' लिहिलं. कडुबा वाकून बघत होता. "अक्षर चांगलं काढ, दादा," तो म्हणाला. "माझं नाव पह्यल्यांदा सरकारात चाललंय."

प्रेरणा हसली, आणि या वेळी तिला अपराधी वाटलं नाही. तिनं पाकिटातली एक गोळी सोडवायला घेतली, पण अनिसानं मान हलवून तिला थांबवलं. सात महिन्यांपूर्वीची गोळी नको, आधी डॉक्टर.

अण्णांनी नवी ओळ सोडली. पेन कागदावर टेकवून ते थांबले. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांसाठी मजकूर रचला होता. आज काहीच रचलं नाही.

"हं," ते मुलाकडे बघत म्हणाले. "आता तुझं. तू सांगशील ते लिवतो. नाय सांगायचं तर हा कागद हितंच ठिवू, अन् उद्या काय व्हायचं ते होईल."

शिवराजनं कपाळावरचा घाम पुसला. प्रेरणाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. मग तो सरळ बसला.

"लिहा, अण्णा. घंटा वाजत नव्हती. ती फक्त मला ऐकू येत होती. मी आजारी आहे, आणि सात महिने हे लपवून मी विमान उडवलं." अण्णांचं लिहून होईपर्यंत तो थांबला. "उद्या सकाळी काकाच्या डॉक्टरकडं जातोय, माझ्या खऱ्या नावानं. आणि माझं लायसन्स मी परत करतोय."